करांदा: नाव कळलं, तरी ओळख पटली नव्हती

कोथरूडमधला शेतकरी बाजार, नोव्हेंबरचा दुसरा रविवार. मुळशीकडून आलेल्या एका मावशींसमोर मेथीच्या जुड्या आणि पावट्याच्या शेंगा होत्या, आणि बाजूला गोणपाटावर तपकिरी, गोलसर कंदांचा छोटा ढीग. लांबून बटाटेच वाटावेत असे. जवळून पाहिलं तर सालीवर बारीक बारीक गाठी, माती जवळजवळ नाहीच, आणि कंद हातात घेतला की बटाट्यापेक्षा टणक.

"मावशी, हे काय?"

"करांदं हायती ताई. उकडायचं न् मीठ लावून खायाचं."

ताईंनी किलोभर घेतले. घरी आल्यावर त्यांतले सहा धुऊन, चिमूटभर मीठ घालून कुकरला लावले. चार शिट्ट्या झाल्या. पहिला घास कडू लागला. दुसरा करांदा सोलून पाहिला, तोही कडू, पण जरा कमी. घरातल्या मुलाने तोंडातलं थुंकून टाकलं आणि ताटली बाजूला सारली. मोठ्यांनी जेमतेम दोन घास खाल्ले होते. कुणालाही काही त्रास झाला नाही. उरलेले आठ करांदे टोपलीत तसेच राहिले आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला: हे टाकायचे, की खायचे?

या प्रकरणाचं महत्त्व असं की नाव पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, आणि ते बरोबरही होतं. चूक नावात नव्हती. "करांदा" हे नाव ज्या वेलीचं आहे, तिच्यात गोड आणि कडू असे दोन्ही प्रकार असतात. एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

चार जणांची चार उत्तरं

त्या दिवशी घरात चार उत्तरं जमा झाली. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपने पहिल्या फोटोला बटाटा म्हटलं, दुसऱ्याला सुरण. रत्नागिरीच्या शेजारीण काकू म्हणाल्या, "अगो, करांदे! आम्ही तर थंडीत टोपलीभर उकडतो." सासऱ्यांनी सांगितलं की हा वाराहीकंद, औषधात वापरतात, भाजीत नव्हे. इंटरनेटवर इंग्रजीत शोधलं तर विषारी तण, हात लावू नका, असं निघालं.

ॲपचं उत्तर सोडलं तर बाकीची तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत, म्हणूनच गोंधळ वाढतो. वनस्पतीचं शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच कंदिका, म्हणजे वेलीवर लागणारे छोटे कंद, धरणारी असा आहे. कोकणात आणि मावळात परसात, बांधावर, कुंपणावर पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वेली गोड करांदे देतात. काकू बोलत होत्या त्या त्यांच्याबद्दल. आयुर्वेदात वाराहीकंद म्हणून बहुधा याच वेलीचा जमिनीतला कंद घेतात. तो केसाळ असतो, डुकराच्या अंगासारखा, म्हणून वराहाचं नाव. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हीच वेल १९०५ साली नेली गेली आणि तिथे ती झाडांवर चढून सगळं झाकून टाकणारं तण झाली. तिथल्या वेलींचे कंद कडू, न खाण्यासारखे. इंग्रजीत पहिल्यांदा हाती लागते ती बरीचशी माहिती तिथलीच असते.

ॲप का चुकलं, हेही समजून घ्यावं. अशी ॲप पानं आणि फुलं पाहून बरी ओळखतात. ढिगातल्या तपकिरी गोळ्याचा फोटो दिला तर त्यात पान नाही, फूल नाही, आकाराचा अंदाज नाही. फोटो काढायचाच तर शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. तीन फोटो लागतात: पूर्ण कंद, देठाच्या खुणेची बाजू, आणि कापलेला भाग. तरीही ॲपचं उत्तर हा फक्त पहिला धागा समजावा. त्यावर विसंबून काहीही शिजवू नये.

कंद हातात घेऊन काय पाहिलं

मुळात किलोत चौदा नग होते. नऊ राखाडी-तपकिरी, बऱ्यापैकी गुळगुळीत, साठ ते एकशेदहा ग्रॅमचे. पाच जास्त गडद, खडबडीत, पंचवीस ते पन्नास ग्रॅमचे. कुकरला गेले त्यांत चार गुळगुळीत आणि दोन खडबडीत होते. म्हणजे हातात उरले पाच आणि तीन.

सगळ्यात आधी शोधायची ती एक खूण. करांदा जमिनीत लागत नाही, वेलीवर पानाच्या बगलेत लागतो. त्यामुळे त्याच्यावर एका जागी छोटा, गोल, सपाट किंवा किंचित खोलगट डाग असतो. वेलीपासून सुटला ती ही जागा. आठही नगांवर हा डाग होता. बटाट्यालाही एका टोकाला देठाची खूण असते, पण बटाट्यावर डोळे असतात, आणि प्रत्येक डोळ्यावर भुवईसारखी बारीक कोर. करांद्यावर तसे डोळे नसतात. असतात त्या विखुरलेल्या गाठी. करांदा रुजवला की बऱ्याचदा याच गाठींतून मुळं फुटतात.

मग एक नग कापला. साल पातळ. तिच्या आत नखाएवढाही जाड नाही असा हिरवट थर, त्याच्या आत फिकट पिवळा गर. सुरी बाहेर काढली तेव्हा तिला भेंडीसारखी तार सुटली. पाच मिनिटांत कापलेला भाग कडेकडेने तांबूस झाला. बटाटाही कापून ठेवला की काळा पडतो, म्हणून रंग बदलण्याला फार महत्त्व देऊ नये. तार मात्र बटाट्याला सुटत नाही.

आता बाकीचे दावेदार. अळकुडीवर आडव्या कड्या आणि केसाळ तंतू असतात, ते इथे नव्हते. सुरणाचं पिल्लू चपटं असतं, मधे कोंबाची खोलगट जागा असते आणि ते मातीतून येतं. कणगर याच कुळातला, पण तो जमिनीत झुबक्याने लागतो, लांबट असतो आणि त्याला माती चिकटलेली असते. कोनफळ कापलं की बहुतेकदा जांभळं निघतं. कोनफळाच्या काही वेलींनाही वर कंदिका लागतात, पण त्या लांबोळक्या, वेड्यावाकड्या असतात.

एका दावेदाराबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिथे चूक परवडत नाही. डायोस्कोरिया हिस्पिडा हा याच गणातला जंगली कंद. त्यात डायोस्कोरीन नावाचं विष असतं आणि ते मज्जासंस्थेवर काम करतं. ज्यांना तो माहीत आहे ते लोक त्याचे काप दिवसेंदिवस वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खात नाहीत. त्याची वेल काटेरी, पान तीन दलांचं, आणि कंद जमिनीतला. वेलीवर कंदिका लागत नाही. म्हणून देठाचा डाग सापडणं आणि माती नसणं या दोन गोष्टी नुसत्या ओळखीच्या खुणा नाहीत, सुरक्षिततेच्याही आहेत. धुऊन पुसून चकचकीत केलेला अनोळखी कंद घेऊ नये तो यासाठीच. धुतल्यावर माती असण्या-नसण्याचा पुरावा नाहीसा होतो.

कुणी आयोडीनचा थेंब टाकून पाहायला सांगतं. गर निळा-काळा होईल, पण तो बटाट्याचाही होतो, रताळ्याचाही आणि कोनफळाचाही. पिष्ट सगळ्यांतच आहे. या कामाला ती चाचणी निरुपयोगी.

वेलीचा तुकडा

कंदावरून ओळख बहुतांशी पटते, वेलीवरून पक्की होते. मावशींनी पुढच्या रविवारी काय आणायचं, ते ताईंनी नेमकं ठरवून दिलं होतं: हातभर वेल, तिच्यावर निदान दोन पानं, आणि जमलं तर बगलेत लागलेला एखादा छोटा करांदा तसाच. वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, कारण तिथे पानं घामेजून काळी पडतात. घाईही होती. डिसेंबर उजाडेपर्यंत पानं पिवळी पडून गळायला लागतात, वेल वाळते आणि जूनपर्यंत दिसत नाही.

मावशींनी वेल आणली. दांडा गोल, गुळगुळीत, काटे नाहीत. पानं एकाआड एक, हृदयाच्या आकाराची, तळहाताहून मोठी. देठ जिथे पानाला मिळतो तिथूनच सगळ्या मुख्य शिरा पंख्यासारख्या निघालेल्या, आणि त्यांच्या मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या शिरा. पान उजेडासमोर धरलं की हे फार सुंदर दिसतं आणि एकदा पाहिलं की विसरत नाही. कोनफळाचा दांडा चौकोनी असतो, कडांना पातळ पंख असतात, आणि पानं बहुधा समोरासमोर. दोन्ही वेली शेजारी असतील तर आणखी एक फरक दिसतो: त्या आधाराला विरुद्ध दिशांनी वळसे घालतात.

एवढ्यावर डायोस्कोरिया बल्बिफेरा हे नाव नक्की झालं. ज्यांना याहून खात्री हवी असेल त्यांनी असाच तुकडा दाबून, वाळवून ठेवावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र कोरेगाव रस्त्यावर आहे, आणि आघारकर संशोधन संस्थाही शहरातच आहे. दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. नुसता कंद घेऊन गेलं तर तिथलाही माणूस आधी पानच मागेल.

कडू का, आणि कुठला

करांद्याचा कडूपणा येतो तो डायोस्बुल्बिन नावाच्या संयुगांमुळे. ती यकृताला घातक आहेत. चिनी औषधपद्धतीत याच वनस्पतीचा कंद वापरतात आणि त्यातून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून कारल्याचा कडूपणा आणि करांद्याचा कडूपणा यांना एका मापाने मोजू नये. "थोडा कडू आहे, चालतंय, औषधी असतो" हे वाक्य अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच. ते ऐकू नये. कडू लागला की थांबायचं.

पहिल्या दिवशी काय झालं ते आता स्पष्ट होतं. सहा नग एकाच कुकरमध्ये शिजले. कडू करांद्यांमधला कडूपणा पाण्यात उतरला आणि पाण्यातून गोड करांद्यांमध्ये शिरला. म्हणून दुसरा घास "कडू, पण जरा कमी" लागला. त्यात मीठ होतं, आणि मीठ कडू चव दबवतं. म्हणजे खरा कडूपणा जिभेला कळला त्याहून जास्तच असणार. ते सहाही टाकून दिले, हे योग्य झालं. कुठला मुळात गोड होता हे नंतर ठरवता येत नाही.

उरलेल्या आठांची चाचणी एकेक करून घेतली. ओळख पक्की झाल्यावरच ती घेतली, हे लक्षात असू द्या. ज्याचं नाव माहीत नाही त्या कंदाला ही चाचणी लावू नये, कारण प्रत्येक विष कडू नसतं.

प्रत्येक कंदावर पेनाने क्रमांक लिहिला, सात ते चौदा, कारण चौदातले पहिले सहा कुकरला गेले होते. बाजूने साधारण दहा ग्रॅमचा काप काढला, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. प्रत्येक कापाला वेगळी वाटी, वेगळं पाणी, मीठ नाही. आठ वाट्या मोठ्या पातेल्यात ठेवून वीस मिनिटं वाफवल्या. झाकणाचं पाणी वाट्यांत ठिबकू नये म्हणून वर फडकं बांधलं. काप निवला की कणभर गर जिभेच्या टोकावर, अर्धं मिनिट थांबायचं, थुंकायचं, चूळ भरायची, पुढच्या कापाआधी पाच मिनिटं जाऊ द्यायची. सुरुवात गुळगुळीत नगांपासून केली, कारण ते गोड निघण्याची शक्यता जास्त होती. एकदा कडू चव जिभेवर बसली की पुढचे दोन-तीन कापही कडूच भासतात. चव दोन मोठ्या माणसांनी वेगवेगळी घेतली, कारण कडूपणा सगळ्यांना सारखा कळत नाही. दोघांपैकी एकाला जरी कडू लागला, तरी तो कडू. लहान मुलं, गरोदर बाई आणि यकृताचा आजार असलेला माणूस यांना चाखायला द्यायचं नाही.

पाचही गुळगुळीत नग गोडसर निघाले, पिठूळ, उकडलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारे पण तितके गोड नाहीत. तीन खडबडीत नगांपैकी दोन कडूजहर. तिसरा, ज्याच्यावर बारा क्रमांक होता, तो मात्र गोड.

हा बारा क्रमांक नसता तर "खडबडीत तो कडू" असा नियम सगळ्यांनी करून टाकला असता. असा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, पण तो धोक्याचा आहे. साल, रंग, आकार यांतून संशय घेता येतो, निकाल लावता येत नाही. गरातल्या रंगाचंही तेच.

मावशींना पुन्हा विचारलं तेव्हा

"मावशी, हे सगळे एकाच वेलीचे का?"

"न्हाई ताई. बांधावं दोन वेली हायती आमच्या, सासूबाईनं लावल्याल्या. त्ये ग्वाड. बारकं पोरांनी वरल्या अंगाच्या झाडीतनं आणल्यालं, त्ये बी त्याच पाटीत पडलं आसंल."

सगळ्या प्रकरणाचा उलगडा या दोन वाक्यांत झाला. फसवणूक कुणीच केली नव्हती. मावशींच्या घरी कडू करांदा आला तर तो वेगळा शिजतो: काप करून, राखेच्या पाण्यात उकळून, पाणी पुन्हा पुन्हा फेकून, रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवून. सह्याद्रीत ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांमध्ये हे ज्ञान आहे, आणि ते पिढ्यांच्या सरावाचं आहे. किती राख, किती उकळ्या, कधी झाला हे हाताला आणि जिभेला कळतं. कोथरूडच्या स्वयंपाकघरात बेसिनच्या नळाखाली त्याची नक्कल करू नये. शहरात कडू निघालेला करांदा टाकणं हाच एक उपाय.

म्हणून बाजारात करांदा दिसला की विचारायचं ते असं: गोड का कडू? लावलेल्या वेलीचा की रानातला? एकाच वेलीचा का? तुम्ही घरी कसा करता? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. "नुसतं उकडून" असं उत्तर आलं तर माणूस गोड वेलीबद्दल बोलतोय. राख किंवा ओढ्याचं पाणी मधे आलं, तर तो माल शहरातल्या कुकरसाठी नाही. आणि विकणाऱ्याने स्वतः पिकवला नसेल, व्यापाऱ्याकडून आणला असेल, तर या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे नसतात. तेव्हा पाव किलोच घ्यावा आणि प्रत्येक नग तपासावा.

कडू करांदा चुकून पोटात गेला आणि मळमळ, उलटी, पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उताऱ्यात वेळ घालवू नये. डॉक्टरकडे जाताना उरलेला कंद, कच्चा असो वा शिजलेला, सोबत न्यावा. पुढच्या काही दिवसांत डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तरी हे खाल्ल्याचं डॉक्टरांना सांगावं.

गोड निघालेल्यांचं काय केलं

पाच गुळगुळीत करांदे त्याच संध्याकाळी शिजले. सालीसकट, दोन-दोन तुकडे करून, बुडतील इतक्या पाण्यात, एक चमचा मीठ आणि दोन आमसुलं घालून. कच्चा करांदा सोलताना काहींच्या हाताला खाज येते, कारण या कुळातल्या कंदांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून सोलायचं ते शिजल्यावर, आणि कच्चाच चिरायचा असेल तर हाताला तेल लावून. साध्या पातेल्यात अर्धा तास लागतो. सुरी सहज आत गेली, गर पिठूळ झाला की झालं. साल बोटांनी निघते, तिच्याबरोबर तो हिरवट थरही खरवडून टाकावा. निम्मे तसेच मीठ-तिखट लावून खाल्ले, निम्म्यांची जिरं, हिरवी मिरची आणि दाण्याचा कूट घालून भाजी केली. शिजल्यावर तार बरीचशी जाते. राहिलेली घालवायची तर फोडी तुपावर परतताना झाकण ठेवू नये.

करांदे फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. बारा अंशांच्या खाली या कुळातले कंद आतून काळे पडतात आणि बाहेर काढले की सडतात. टोपलीत, वारा लागेल अशा कोरड्या, अंधाऱ्या जागी ते महिनोन् महिने टिकतात.

बारा क्रमांकाचा कंद खाल्ला नाही. करांद्यातून उगवणारी वेल बियांसारखी मिसळीची नसते, आईवेलीचाच तो तुकडा असतो. म्हणजे त्या झाडीत एक वेल खडबडीत करांदे देणारी आणि गोडही आहे. कापलेल्या जागेला चुलीतली राख चोळून तो तीन दिवस सावलीत सुकवला, मग कागदी पिशवीत घातला. पिशवीवर लिहिलं: "क्र. १२, खडबडीत, गोड, मुळशी, नोव्हेंबर." जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मोठ्या कुंडीत चार बोटं खोल लावायचा, आणि वर चढायला गॅलरीच्या गजाला सुतळी बांधायची.